‘माझ्याकडे तर चालते’ स्क्रिप्टचं पुढे काय करायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांसाठी ऑटोमेशनवर लेख आला होता, तो वाचला. छान होता, भाषा सोपी होती, पण शेवटी असं होतं की एकच काम दोनदा करावं लागलं की त्याची स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहून टाका, झालं. स्क्रिप्ट लिहा इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही, ‘झालं’ला मात्र आहे, कारण खरी गंमत तिथूनच सुरू होते आणि त्याबद्दल मराठीत कोणी फारसं लिहिताना दिसत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा. (कमांड वगैरे देवनागरीतच लिहिलेत, ते वाचण्यापुरते.)

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवीन प्रोजेक्ट सुरू करायचा म्हटलं की पहिला तासभर तेच ते काम असतं, फोल्डर बनवा, गिट इनिट करा (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं गिट सुरू करा), डिपेंडन्सी म्हणजे लागणारी बाहेरची पॅकेजेस टाका, लिंटरचं (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टूलचं) कॉन्फिग जुन्या प्रोजेक्टमधून उचलून आणा, एन्व्ह फाइलचा (पासवर्डसारख्या सेटिंगच्या फाइलचा) नमुना ठेवा, सर्व्हरवर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सीआयची फाइल ठेवा, रीडमीमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) नाव बदला. कंटाळा येतो म्हणून कोणीतरी सेटअप डॉट एसएच नावाची फाइल लिहितं आणि ती आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवतं. मग शेजारचा म्हणतो, तुझी ती स्क्रिप्ट पाठव ना. चॅटवर जाते. तो त्यात दोन ओळी बदलतो. त्याच्याकडून तिसऱ्याकडे जाते. काही महिन्यांनी टीममध्ये सेटअप, सेटअप न्यू, सेटअप फायनल, सेटअप फायनल टू अशा सगळ्या नांदत असतात आणि एकीत दुरुस्त झालेला बग बाकीच्यांत तसाच असतो. कुठली खरी ते कोणालाच माहीत नाही, आणि ज्याने पहिली लिहिली तो बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेला असतो!

माझं म्हणणं एवढंच आहे की अशी स्क्रिप्ट तीनचार जण वापरायला लागले की तिचं एक नीट कमांड-लाइन टूल (टर्मिनलमध्ये नाव टाइप करून चालवायचा छोटा प्रोग्रॅम) करा. म्हणजे तिला एक नाव असेल, ती एका ओळीत इन्स्टॉल होईल, --हेल्प म्हटलं की काय करते ते सांगेल, --व्हर्जन म्हटलं की कितवी आवृत्ती ते सांगेल, आणि चुकलं तर दुरुस्ती एकाच जागी होऊन सगळ्यांना मिळेल. ऐकायला हे मोठं काम वाटतं पण कोड फार वाढत नाही. वाढतो तो विचार, कारण स्क्रिप्ट लिहिताना आपण स्वतःबद्दल जे जे गृहीत धरलेलं असतं ते सगळं उकरून बाहेर काढावं लागतं.

काय काय गृहीत धरलेलं असतं ते बघा. पहिलं म्हणजे पाथ, फाइल-फोल्डरचा पत्ता. होम फोल्डरच्या खाली प्रोजेक्ट्स नावाचं फोल्डर आहेच असं धरून चाललेलं असतं. दुसरं म्हणजे मशीन. लिनक्सवर मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडला -आय दिला की फाइल जागच्या जागी बदलते, मॅकवरचं सेड मात्र बीएसडी (यूनिक्सची दुसरी शाखा) घराण्यातलं, त्याला -आयच्या पुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, नाही दिलं की ते तुमचं बदलायचं सूत्रच एक्स्टेन्शन समजतं आणि भलतीच एरर देतं. मॅकसोबत येणारा बॅश (एक शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) अजून ३.२ आहे, २००६ सालचा, कारण त्यानंतरच्या आवृत्त्या जीपीएल ३ लायसन्सखाली गेल्या आणि ॲपलने त्या घेतल्याच नाहीत, २०१९ मध्ये कॅटलिनापासून डिफॉल्ट शेलच झेडएसएच करून टाकला. त्यामुळे लिनक्सवर कोणी स्क्रिप्टमध्ये असोसिएटिव्ह ॲरे वापरला (नावानिशी व्हॅल्यू ठेवायची यादी, ती बॅश ४ पासून आली) की मॅकवाल्याकडे ती कोसळते. विंडोजवाल्याने फाइल एडिट करून परत पाठवली तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटून येतं आणि लिनक्स म्हणतं असा इंटरप्रिटरच (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) नाही, नवीन माणूस अर्धा दिवस तिथेच बसतो कारण डोळ्याला फाइल अगदी बरोबर दिसत असते.

आणि हे फक्त गैरसोयीपुरतं नाही. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमबद्दल (तेच ते गेम विकणारं सॉफ्टवेअर) एक बग नोंदवला गेला, त्यांच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती, आरएम -आरएफ (न विचारता सगळं पुसून टाका) आणि पुढे स्टीमरूट या व्हेरिएबलमधलं फोल्डर आणि त्यानंतर स्लॅश-स्टार. एका युजरने स्टीमचं फोल्डर दुसरीकडे हलवलं होतं, त्यामुळे ते व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि उरलं काय, तर स्लॅश-स्टार, म्हणजे सगळी डिस्क. त्या माणसाच्या मालकीच्या सगळ्या फाइल गेल्या, जोडलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्याही. आणि त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने स्वतःच कॉमेंट टाकलेली होती, ‘स्केरी!’ म्हणून. त्याआधी २०११ मध्ये बंबलबी नावाच्या ग्राफिक्सच्या प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल स्क्रिप्टमधे /यूएसआर च्या पुढे एक स्पेस जास्तीची पडली होती आणि ती स्क्रिप्ट आतलं एक लहान फोल्डर उडवायच्या ऐवजी अख्खं यूएसआर उडवत होती. एक स्पेस! हे दोन्ही चांगले, बऱ्यापैकी अनुभवी लोकांनी लिहिलेलं होतं, आपल्या घरगुती सेटअपचं काय घेऊन बसलात.

म्हणून बॅशमध्येच राहायचं असेल तर निदान वर सेट -ईयू आणि पाइपफेल टाका म्हणजे कधीच व्हॅल्यू न दिलेलं व्हेरिएबल दिसलं की स्क्रिप्ट तिथेच थांबेल, आणि शेलचेक नावाचं फुकट टूल आहे ते चालवून बघा, स्टीमसारख्या ओळीवर ते आधीच बोट ठेवतं. पण माझं मत विचाराल तर शंभरेक ओळींच्या पुढे गेलेली सेटअप स्क्रिप्ट बॅशमध्ये ठेवू नये. त्यात ऑप्शन वाचायचे, नावं तपासायची, जेसनची (डेटा लिहायची एक पद्धत) फाइल बदलायची, हे सगळं बॅशमध्ये होतं, पण होतं म्हणून करायचंच असं थोडंच आहे.

आता रूपांतर कसं करायचं. सगळ्यात आधी स्क्रिप्टची प्रिंट काढा (खरंच काढा, स्क्रीनवर नाही कळत) आणि प्रत्येक प्रोजेक्टला जे बदलतं त्याखाली रेघ मारा. प्रोजेक्टचं नाव, लायसन्स, डेटाबेस हवा की नको, कुठली पॅकेज मॅनेजर, असं फार तर पाचसहा निघतं. एवढंच टूलने विचारायचं. बाकी सगळं ठरलेलं ठेवायचं आणि ठरलेलंच राहू द्यायचं. इथे लोक घसरतात, टूल करायचं म्हटल्यावर उत्साहाच्या भरात प्रत्येक गोष्टीचा ऑप्शन करतात, मग चाळीस प्रश्न विचारणारं टूल तयार होतं आणि त्यापेक्षा हाताने फोल्डर बनवलेलं परवडतं. टीमने आधीच ज्यावर भांडून निर्णय घेतलाय, टॅब की स्पेस वगैरे, ते परत विचारायचं कशाला?

विचारण्याचीही पद्धत असते. नाव हे कमांडच्या पुढेच आर्ग्युमेंट म्हणून घ्या, बाकीचं फ्लॅगने (--हेल्पसारख्या डॅशवाल्या ऑप्शनने), आणि फ्लॅग दिला नसेल तरच प्रश्न विचारा, आणि तोही समोर खरंच टर्मिनल असेल तरच. हे शेवटचं फार जण विसरतात. टूल सीआयमध्ये चालतं तेव्हा उत्तर द्यायला कोणी बसलेलं नसतं, ते ‘लायसन्स कोणतं?’ विचारून तसंच लटकून राहतं आणि तासाभराने टाइमआउट होतं. स्टँडर्ड इनपुट टर्मिनलला जोडलंय का हे तपासायची सोय सगळ्या भाषांत आहे, नसेल जोडलेलं तर डिफॉल्ट घ्या किंवा सरळ एरर देऊन बाहेर पडा. बाहेर पडताना एक्झिट कोड नीट द्या, शून्य म्हणजे ठीक, शून्य सोडून काहीही म्हणजे बिघडलं, ही यूनिक्सची जुनी रीत आहे आणि पुढची सगळी ऑटोमेशन त्याच्यावरच उभी असते. एरर छापून वर शून्य देणारी टूल्स मी पाहिलीत, सीआय हिरवं आणि प्रोजेक्ट अर्धवट. एररचे मेसेज स्टँडर्ड एररवर जाऊ द्या, नाहीतर कोणी तुमचं आउटपुट पाइपमधून पुढे दिलं की त्यात एररची वाक्यं मिसळतात.

नावाचंही तपासा. माणूस नावात स्पेस देतो, कॅपिटल अक्षरं देतो. एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजेस वाटायची जागा) नव्या पॅकेजच्या नावात कॅपिटल चालत नाही, पायथनमध्ये मॉड्यूलच्या नावात हायफन असेल तर इम्पोर्टच करता येत नाही, आणि विंडोजवर कॉन किंवा ऑक्स नावाचं फोल्डर साध्या मार्गाने बनतच नाही, डॉसच्या काळापासून ती नावं राखीव आहेत. ही सगळी तपासणी पहिल्या ओळीतच झाली पाहिजे, अर्ध्या फाइल बनवून झाल्यावर नाही.

पुढचा भाग टेम्प्लेटचा. स्क्रिप्टमध्ये काय असतं की इको करून करून फाइल बनवलेल्या असतात, किंवा हिअरडॉक (स्क्रिप्टमध्येच कोंबलेला फाइलचा मजकूर), त्यात डॉलरचं चिन्ह आलं की एस्केप करा, कोट आले की परत एस्केप करा, शेवटी ती फाइल कोणाला वाचताच येत नाही. ते सगळं बाहेर काढून टेम्प्लेट नावाच्या फोल्डरमध्ये खऱ्या फाइल म्हणून ठेवा आणि जिथे नाव यायचं तिथे खूण ठेवा. पायथनवाल्यांनी हे चाक परत बनवायची गरज नाही, कुकीकटर नावाचं टूल २०१३ पासून आहे, जिंजा पद्धतीच्या टेम्प्लेट वापरतं, गिटच्या पत्त्यावरून थेट टेम्प्लेट उचलतं. बऱ्याच टीमचं काम तेवढ्यावरच भागतं आणि स्वतःचं टूल लिहायची वेळच येत नाही. गिटहबवर तर २०१९ पासून कुठलीही रेपो (गिटमधला प्रोजेक्टचा साठा) टेम्प्लेट म्हणून मार्क करता येते, एक बटण दाबलं की नवीन रेपो तयार. पण नंतर काही चालवायचं असेल, प्रश्न विचारायचे असतील, चालू प्रोजेक्टमध्ये नंतर एखादा भाग जोडायचा असेल, तर मात्र टूल लागतं.

टेम्प्लेट बाहेर काढल्यावर जो बग हमखास येतो तो सांगते. स्क्रिप्ट असताना ‘./टेम्प्लेट’ असा पाथ चालायचा कारण आपण त्याच फोल्डरमध्ये उभे राहून चालवायचो. टूल झाल्यावर माणूस कुठूनही चालवतो आणि ‘./’ म्हणजे तो उभा आहे ते फोल्डर, टूल राहतं ते फोल्डर नाही. लिहिणाऱ्याकडे सगळं चालतं, दुसऱ्याकडे फाइल सापडत नाही. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) मॉड्यूलच्या स्वतःच्या जागेवरून पाथ काढायचा, पायथनमध्ये इम्पोर्टलिब रिसोर्सेस वापरायचं, गो भाषेत १.१६ आवृत्तीपासून एम्बेड आलंय, त्यात टेम्प्लेट थेट बायनरीच्या (थेट चालणाऱ्या तयार फाइलच्या) पोटातच जातात, ते सगळ्यात निवांत. आणि पायथनच्या सेटअपटूल्समध्ये कोड सोडून बाकीच्या फाइल पॅकेजमध्ये आपोआप जातीलच असं नाही, तसं सांगावं लागतं, त्यामुळे बिल्ड झाल्यावर तयार व्हील (पायथन पॅकेजची फाइल) उघडून आत बघायचं की टेम्प्लेट आलेत का. ती झिपच असते, उघडते.

एनपीएमची तर एक खास खोड आहे. टेम्प्लेटमधली डॉट गिटइग्नोर नावाची फाइल (गिटने काय वगळायचं त्याची यादी) पब्लिश करताना पॅकेजमध्ये त्या नावाने जात नाही. लोकल चालवून बघितलं तर दिसते, इन्स्टॉल केल्यावर गायब, आणि मग नव्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी अख्खं नोड मॉड्यूल्सचं (डिपेंडन्सींचं) फोल्डर गिटमध्ये कमिट करतं. उपाय जुनाच आहे, टेम्प्लेटमध्ये फाइलचं नाव बिनाडॉटचं गिटइग्नोर ठेवायचं आणि कॉपी करताना डॉट लावायचा. क्रिएट रिॲक्ट ॲप हे रिॲक्टचे प्रोजेक्ट बनवणारं टूलही हेच करायचं.

दोनदा चालवलं तर काय होतं? हा प्रश्न स्क्रिप्टला कोणी विचारत नाही, टूलला विचारावाच लागतो. फोल्डर आधीच असेल आणि त्यात काही असेल तर थांबा आणि सांगा, कोणाच्याही फाइलवर न विचारता लिहू नका, --फोर्स दिला तरच लिहा. मधेच नेट गेलं आणि डिपेंडन्सी इन्स्टॉल फसलं तर अर्धवट फोल्डर मागे राहू नये, म्हणून सगळं आधी एका टेम्पररी फोल्डरमध्ये बनवायचं आणि फाइल सगळ्या झाल्या की हलवायचं, आणि डिपेंडन्सीचं इन्स्टॉल ही त्यानंतरची वेगळी पायरी ठेवायची, ती फसली तर ‘प्रोजेक्ट तयार आहे, इन्स्टॉल तेवढं राहिलंय, ही कमांड चालवा’ असं सांगून बाहेर. आणि --ड्राय-रन द्या, काय काय बनणार तेवढंच दाखवा. नवीन माणसाचा विश्वास त्याच्यावरच बसतो.

भाषा कुठली घ्यावी यावर लोक आठवडे घालवतात. माझं उत्तर सरळ आहे, टीमच्या मशीनवर जे आधीच इन्स्टॉल आहे ते. सगळे जावास्क्रिप्टवाले असतील तर नोड, पॅकेज डॉट जेसनमध्ये बिन नावाचा भाग असतो, त्यात कमांडचं नाव आणि फाइल दिली की काम झालं, फक्त फाइलच्या पहिल्या ओळीत शेबँग (कोणत्या प्रोग्रॅमने चालवायचं ते सांगणारी #! ची खूण) हवं, विसरलात तर लिनक्स-मॅकवर शेल तुमचं जावास्क्रिप्ट शेल स्क्रिप्ट म्हणून वाचायला जातो आणि मजेशीर एरर येतात. एनपीएम ५.२ पासून, म्हणजे २०१७ पासून, सोबत एनपीएक्स येतं, त्याने इन्स्टॉल न करता थेट चालवता येतं, आणि पॅकेजचं नाव ‘क्रिएट-’ने सुरू केलं तर एनपीएम इनिट आणि पुढचं नाव एवढंच टाइप केलं तरी ते चालतं. ऑप्शन वाचायला आता बाहेरची लायब्ररीही लागत नाही, नोडमध्येच पार्सआर्ग्ज आलंय. पायथनवाल्यांना पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये प्रोजेक्ट स्क्रिप्ट्सचा भाग आहे, ऑप्शनसाठी आर्गपार्स आहेच, जरा बरं हवं तर क्लिक नाहीतर टायपर. आणि टीममध्ये सगळ्या जातीचे लोक असतील, कोणाकडे नोड नाही कोणाकडे पायथन जुना, तर मग गो, एकच बायनरी, उचलली आणि चालवली. कुबरनेटिसचं (सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारी सिस्टीम) क्यूबसीटीएल आणि गिटहबचं जीएच दोन्ही गोमधल्याच कोब्रा लायब्ररीवर आहेत. फक्त हे बघा की टीममध्ये गो येणारा एकटाच असेल तर तो गेल्यावर परत सेटअप फायनल टूचेच दिवस येतात.

अजून एक छोटी युक्ती, फार जणांना माहीत नसते. शेल ज्या फोल्डरांत कमांड शोधतो त्या ‘पाथ’मध्ये गिट-नवीन अशा नावाची कुठलीही चालवता येणारी फाइल ठेवली की गिट नवीन अशी कमांड तयार होते, गिट स्वतःच शोधून चालवतं. टीमपुरतं टूल असेल तर वेगळं नाव लक्षात ठेवायला नको.

वाटण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की शेअर करायचं म्हणजे जगासमोर पब्लिश करायचं. तसं काही नाही. एनपीएम, पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं) आणि गो तिन्ही गिटच्या पत्त्यावरून थेट इन्स्टॉल करतात, रेपो प्रायव्हेट असली तरी, गिटला परवानगी असली की झालं (गोला प्रायव्हेट रेपो कुठली ते आधी सांगून ठेवावं लागतं, तेवढंच). टॅग (आवृत्तीची खूण) लावा, पत्त्यात टॅग द्या, टीमपुरती आवृत्ती तयार. बाहेर पब्लिश करणार असाल तर मात्र आधी दोन गोष्टी नीट बघा. एक म्हणजे सिक्रेट. घरगुती स्क्रिप्टमध्ये हमखास कुठेतरी टोकन (पासवर्डसारखी किल्ली), पासवर्ड, आतल्या सर्व्हरचा पत्ता पडलेला असतो, आणि आता काढला तरी गिटच्या हिस्टरीत असतोच, त्यामुळे तो टोकन आधी रद्द करायचा मग बाकीचं. दुसरं म्हणजे पॅकेजमध्ये नक्की काय जातंय, एनपीएम पॅक --ड्राय-रन म्हटलं की यादी दिसते, ती वाचा, त्यात एन्व्ह फाइल दिसली तर मला मनातल्या मनात धन्यवाद द्या. कारण एकदा गेलं की सहज परत येत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड मोडले, तेव्हापासून काढून घेण्यावर बंधनं आली. आता पहिल्या ७२ तासांत, आणि दुसरं कोणी त्यावर अवलंबून नसेल तर काढता येतं, नंतर अटी वाढतात, आणि काढलं तरी तोच व्हर्जन नंबर परत कधीच वापरता येत नाही.

आणि कृपया कर्ल करून (नेटवरून फाइल उतरवून) थेट बॅशमध्ये पाइप करायची इन्स्टॉलची ओळ रीडमीमध्ये देऊ नका, टीमपुरतं असलं तरी. सगळेच देतात, मोठेमोठे प्रोजेक्ट देतात, मला माहीत आहे. पण नवीन पोरांना आपण काय सवय लावतो, की नेटवरून आलेली फाइल न वाचता चालवायची. मग दुसरीकडे सिक्युरिटीचं ट्रेनिंग घ्यायचं.

आता यावर एक आक्षेप येणार, तोही खरा आहे, की टूलने प्रोजेक्ट बनवला, पुढे टूल सुधारलं, आधी बनलेल्या प्रोजेक्टचं काय? कुकीकटर एकदा फाइल बनवून मोकळं होतं. कॉपीअर नावाचं टूल आहे ते प्रोजेक्टमध्ये आपली उत्तरं आणि टेम्प्लेटची आवृत्ती लिहून ठेवतं आणि नंतर नवीन बदल जुन्या प्रोजेक्टमध्ये आणून देतं, कुकीकटरवाल्यांसाठी क्रफ्ट हेच करतं. स्वतःचं टूल लिहिणार असाल तर एवढं तरी करा की बनवलेल्या प्रोजेक्टमध्ये कुठेतरी टूलची आवृत्ती लिहून ठेवा, दोन वर्षांनी कोणीतरी ‘हे असं का आहे’ विचारेल तेव्हा उत्तर शोधायला जागा असेल. क्रिएट रिॲक्ट ॲपने दुसरा रस्ता घेतला होता, सगळं कॉन्फिग एका पॅकेजमध्ये लपवून ठेवलं, अपडेट सोपे झाले, पण काही बदलायचं असेल तर ‘इजेक्ट’ करा आणि मग ते शेकडो ओळींचं कॉन्फिग तुमच्या गळ्यात. २०१६ ला आलं, लाखो लोकांनी त्यावर रिॲक्ट शिकलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे बंद म्हणून जाहीर झालं. मला स्वतःला लपवण्यापेक्षा फाइल समोर ठेवणारी टूल्स आवडतात, टूल उद्या मेलं तरी प्रोजेक्ट जगतो.

दुसरा आक्षेप हल्ली जास्त ऐकू येतो, आता हे सगळं एआय करतं की, त्याला सांगितलं की सेटअप करून देतो. देतो, आणि चांगला देतो. पण दर वेळी वेगळा देतो. आज लिंटर एक, उद्या दुसरा, फोल्डरची रचना तिसरी. दहा प्रोजेक्ट एकसारखे असावेत एवढ्याचसाठी तर हा सगळा खटाटोप आहे. एआयकडून टूल लिहून घ्या, चांगलंच आहे, वर लिहिलेल्या गोष्टी त्याला सांगा, बऱ्याच तो आपणहून करत नाही. पण प्रोजेक्ट टूललाच बनवू द्या.

आणि हो, प्रत्येक स्क्रिप्टचं टूल करायची गरज नाही हेही तितकंच खरं. एकट्याने वापरायची असेल, वर्षातून दोनदा लागत असेल, तर मेकफाइलमध्ये (मेक या टूलच्या कामांच्या फाइलमध्ये) टाका आणि विसरून जा, मेक १९७६ पासून आहे आणि आपल्यानंतरही असेल. कोणी अनोळखी माणसाने, म्हणजे जो तुम्हाला येऊन विचारू शकत नाही अशाने ती वापरायची वेळ आली की मग टूल. त्याची परीक्षाही तशीच घ्यायची, एक कोरा कंटेनर किंवा कोरं मशीन घ्यायचं, ज्याने टूल कधी पाहिलं नाही अशाला फक्त रीडमी देऊन बसवायचं आणि आपण मागे उभं राहून तोंड बंद ठेवायचं. तो जिथे अडेल, मागे वळून बघेल, ती ओळ दुरुस्त करायची. टेस्ट लिहाच, पण यातून जे सापडतं ते टेस्टमधून सापडत नाही.

आता आपल्याकडे एक विनंती. पुरवणीत यावर लेखमाला द्या, पण त्यात कमांड छापणार असाल तर दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, त्या आजच्या मशीनवर कोणीतरी चालवून बघितलेल्या असू द्या. गेल्या लेखात सुडो पिप इन्स्टॉल असं होतं, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, ती कमांड सिस्टीमच्या पायथनवर चालतच नाही, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ अशी एरर देऊन थांबते, आता पिपएक्स किंवा युव्हीएक्सने टूल चालवतात. आणि दुसरी अडचण तुमच्या छपाईची आहे. लेखातल्या सगळ्या कमांडमध्ये दोन छोटे डॅश जोडून एक लांब डॅश झालाय आणि सरळ कोटांचे वळणदार कोट झालेत, बहुतेक तुमचं पान लावणारं सॉफ्टवेअर आपोआप करतं. शेलला त्यातलं काहीच कळत नाही. ऑनलाइन आवृत्तीतून कॉपी करणारा मुलगा कमांड पेस्ट करतो, ती चालत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. कमांडच्या ओळींपुरतं तेवढं ऑटोकरेक्ट बंद ठेवता आलं तर बघा.

आपली,
पुरवणीची एक नियमित वाचक
(व्यवसायाने सॉफ्टवेअर डेव्हलपर)